लॉगआउटचं बटण आणि पलंगावरचं शरीर

क्लाइन नावाचा एक तरुण गवताळ माळावर उभा आहे. संध्याकाळ व्हायला आली आहे, नुकतंच त्याने तलवारीने आयुष्यातलं पहिलं रानडुक्कर मारलं आहे, आणि आता त्याला भूक लागली आहे. घरी साडेपाचला गरमागरम पिझ्झा यायचाय, ऑर्डर त्याने आधीच देऊन ठेवली आहे. उजव्या हाताची दोन बोटं तो हवेत वरून खाली ओढतो. किणकिण आवाज होतो, समोर मेनू उघडतो. तो खाली खाली बघत जातो. लॉगआउटचं बटण असायला हवं तिथे काहीच नाही.

जुलै २०१२ मध्ये जपानी टीव्हीवर सुरू झालेल्या ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’ या ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिकेच्या पहिल्याच भागातलं हे दृश्य. आज घरातली मुलं मोबाइलवर बघतात त्या ॲनिमेंपैकी बरीच याच जातकुळीतली असतात: कुणीतरी हेल्मेट चढवतं, पलंगावर आडवं होतं आणि एका खेळाच्या जगात डोळे उघडतं. शेजारून बघणाऱ्याला सगळं सारखंच वाटतं. तलवारी, राक्षस, निळे-गुलाबी केस आणि आरडाओरडा. मी या मालिका बरीच वर्षं बघते आहे, आणि मला वाटतं, त्या समजून घ्यायच्या तर लढाया जरा बाजूला ठेवाव्यात. आतली माणसं रोजचा दिवस कसा काढतात आणि बाहेर त्यांचं शरीर कोण सांभाळतं, एवढंच बघत राहिलं की एकेक मालिका वेगळी दिसायला लागते.

आधी हे खेळ म्हणजे काय ते. एका सर्व्हरवर एकाच वेळी हजारो माणसं खेळतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं. लढून, कामं करून त्याची लेव्हल वाढते. ओळखी होतात, गट बनतात, त्या गटांना गिल्ड म्हणतात. ज्यांच्यामागे कुणी खेळाडू नसतो, जे दुकानदार किंवा पहारेकरी कॉम्प्युटरच चालवतो, ते एनपीसी. खेळणारा झोपला तरी ते जग चालूच राहतं, आणि माणसांना त्याची ओढ लागते ती त्यामुळेच.

आता हेल्मेट. आज बाजारात मिळणारा व्हीआर हेडसेट फक्त डोळ्यांना आणि कानांना फसवतो. तुम्ही आत डोंगरावर उभे असता, पण पाय हॉलमधल्या फरशीवरच असतात आणि जरा जोरात हात फिरवला तर टीपॉयला लागतो. ॲनिमेतलं हेल्मेट याच्या पुढे जातं. ते मेंदूतून शरीराकडे जाणारे आदेश वाटेतच अडवतं आणि खेळाकडे वळवतं. तुम्ही धावायचं ठरवलंत की आतलं पात्र धावतं, पलंगावरचे पाय हलत नाहीत. उलट दिशेने वास, चव, स्पर्श, थंडी हे सगळं खेळातून थेट मेंदूत येतं. याला ‘फुल डाइव्ह’ म्हणतात.

ऐकायला अचाट वाटतं, पण यातला अर्धा भाग आपलं शरीर रोज रात्री करतं. स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदूच्या बुडाशी असलेला भाग स्नायूंकडे जाणारे आदेश रोखून धरतो, म्हणूनच स्वप्नात पळताना आपण पलंगावरून उठून पळत नाही. कधी जाग येते पण ही रोखलेली वाट अजून उघडलेली नसते, हातपाय हलत नाहीत. आपल्याकडे त्यालाच छातीवर कुणीतरी बसलं होतं असं म्हणतात. मेंदूतले आदेश वाचणंही प्रयोगशाळांमध्ये काही प्रमाणात जमलेलं आहे. मेंदूत बसवलेल्या इलेक्ट्रोडच्या मदतीने लकवा झालेल्या माणसांनी पडद्यावरचा कर्सर हलवला आहे. खरी अडचण आहे ती उलट्या दिशेची. कॉक्लिअर इम्प्लांट श्रवणाच्या नसेला थेट संकेत देतं, पण त्यासाठी ऑपरेशन लागतं. नुसतं हेल्मेट घालून कवटीबाहेरून मेंदूत वरणभाताची चव उतरवणं आजच्या विज्ञानाच्या आवाक्यात नाही.

‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’ची कथा रेकी कावाहारा यांनी २००२ पासून स्वतःच्या वेबसाइटवर लिहायला घेतली, पुस्तक आलं २००९ मध्ये. कथेत खेळ सुरू होतो तो दिवस आहे ६ नोव्हेंबर २०२२. (खऱ्या जगात तो दिवस उजाडला तेव्हा ऑक्युलस हेडसेटचे जनक पामर लकी यांनी खेळात मेलात तर खरोखर मारेल असा एक हेडसेट बनवल्याचं जाहीर केलं. कार्यालयात मांडून ठेवायची कलाकृती, पण त्यात स्फोटक होतं. कथा लोकांच्या डोक्यात किती खोल जाऊन बसली आहे, ते यावरून कळावं.)

क्लाइनला बटण सापडत नाही, थोड्याच वेळात सगळ्यांना मुख्य चौकात ओढून आणलं जातं, आकाश लाल होतं, आणि खेळाचा कर्ता कायाबा सांगतो: १०,००० जण आत आहेत, खेळाच्या जगाचे शंभर मजले सर केल्याशिवाय सुटका नाही, आणि इथे मेलात तर हेल्मेट तुमचा मेंदू भाजून काढेल. बाहेरून कुणी ते काढलं तरी तेच. घोषणा होते तेव्हा २१३ जण आधीच मेलेले असतात, कारण घरच्यांनी घाबरून त्यांच्या डोक्यावरची हेल्मेटं काढली. मला या मालिकेतला सर्वात भयंकर आकडा हाच वाटतो. कुठल्या राक्षसाने नाही, आई-वडिलांनी, भावाबहिणींनी, मुलाला जागं करायला म्हणून हात घातला. बाकीच्यांना हॉस्पिटलात हलवायला मुभा मिळते: दहा मिनिटं वीज आणि दोन तास नेटवर्क तुटलं तरी चालेल. तेवढ्या वेळात हजारो निजलेली शरीरं शहराशहरांतल्या पलंगांवर पोचतात आणि दोन वर्षं सलाइनवर राहतात.

आणि आत? आत बिऱ्हाडं सुरू होतात. सगळे काही तलवार घेऊन निघत नाहीत. बरेचजण पहिल्या गावाच्या तटबंदीबाहेर पाऊलही टाकत नाहीत. कुणी लोहार होतं, कुणी दुकान मांडतं. नायिका असुना तिथल्या असंख्य मसाल्यांच्या चवींचे आकडे तपासत बसते आणि शेवटी त्यातून सोया सॉस जमवते. बाविसाव्या मजल्यावर तळ्याकाठी निशिदा नावाचे एक वयस्कर गृहस्थ गळ टाकून बसलेले असतात. नेटवर्कच्या कामाची पाहणी करायला म्हणून आत आले आणि अडकले. मासा मिळतो, पण सोया सॉसशिवाय जपानी माणसाला त्या माशात राम वाटत नाही. असुना त्यांना आपल्या घरी जेवायला बसवते, तो सॉस वाढते, आणि त्यांचा चेहरा बघत राहावा असा होतो. परदेशात गेलेल्या ज्या कुणी घरून आलेली गोड्या मसाल्याची पुडी उघडली आहे, त्याला हे दृश्य समजावून सांगावं लागणार नाही.

पाचव्या-सहाव्या भागात एक खून आहे, आणि तो सगळी मालिका वेगळ्याच उंचीवर नेतो. एका छोट्या गिल्डला एक दुर्मीळ अंगठी सापडते. विकावी की ठेवावी यावर मतदान होतं, विकायचं ठरतं. गिल्डची प्रमुख ग्रिसेल्डा अंगठी घेऊन जाते आणि मारली जाते. गिल्ड फुटतं. छडा लागतो तो लग्नाच्या नियमावरून. या खेळात नवरा-बायकोची तिजोरी एकच होते, आणि एक गेला की सामान दुसऱ्याच्या नावावर राहतं. मग ग्रिसेल्डा मेल्यावर अंगठी गेली कुठे? तिच्या नवऱ्याकडे, ग्रिमलॉककडे. मारेकरी त्यानेच पाठवलेले होते, आणि तेही पैशासाठी नाही. बाहेरच्या जगातही ती त्याची बायको होती, गरीब स्वभावाची, त्याच्या शब्दाबाहेर नसलेली. खेळात अडकल्यावर तो भेदरला आणि ती खुलली. लोक तिचं ऐकू लागले, ती निर्णय घेऊ लागली. परत गेल्यावर ही बाई माझ्याजवळ राहणार नाही, या भीतीने त्याने तिला संपवलं. मला आठवणारी बायको तेवढी जपायची होती, असं त्याचं म्हणणं. असुना त्याला तोंडावर सुनावते की ते प्रेम नव्हतं, मालकी होती. आभासी जगातलं जगणं खरं की खोटं, या प्रश्नावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. ग्रिसेल्डा आत जी झाली ती खरी झाली होती, नाहीतर नवऱ्याला तिची भीती वाटली नसती.

याच मालिकेच्या पहिल्या सीझनचा उत्तरार्ध मात्र मला आवडत नाही, आणि तो मुलांना दाखवण्याआधी पालकांनी स्वतः बघावं. मोठ्या गिल्डची उपप्रमुख असलेल्या असुनाला तिथे पिंजऱ्यात बसवलं आहे आणि तिच्यावरच्या जबरदस्तीची दृश्यं नको तितकी लांबवली आहेत. त्यातला एक धागा तेवढा मोलाचा: सुटका झाल्यावरही ३०० जण शुद्धीवर येत नाहीत, कारण एक संशोधक त्यांच्या मेंदूंवर परवानगीशिवाय प्रयोग करत असतो. तुमच्या मेंदूची तार ज्याच्या हातात, तो माणूस कोण आहे हे बघा, असं तिथे स्पष्टच सांगितलं आहे.

या सगळ्याच्या दहा वर्षं आधी, एप्रिल २००२ मध्ये, ‘डॉट हॅक साइन’ आली. त्याच वर्षी मे महिन्यात जपानमध्ये ‘फायनल फँटसी इलेव्हन’ हा ऑनलाइन खेळ सुरू झाला, म्हणजे घराघरांतली माणसं अनोळखी लोकांबरोबर रात्र रात्र खेळायला नुकती कुठे लागत होती. या मालिकेत लढाया जवळजवळ नाहीतच. माणसं पुलावर, पायऱ्यांवर, पडक्या देवळात बसून बोलतात. पहिल्यांदा बघताना कंटाळा येऊ शकतो, पण ऑनलाइन खेळात माणसं खरोखर तासन् तास करतात ते हेच. बाकीचे कंट्रोलर हातात धरून खेळत असतात आणि त्सुकासा नावाच्या एका मुलाला मात्र गवताचा वास येतो, मार लागला तर दुखतं, आणि बाहेर पडता येत नाही. सुरुवातीला त्याला बाहेर जायचंही नसतं. का, ते हळूहळू उलगडतं. बाहेर तो मुलगा नाहीच, हॉस्पिटलात बेशुद्ध पडलेली एक मुलगी आहे, आणि घरी मारणारा बाप आहे. बेअर नावाचा मध्यमवयीन खेळाडू तिची खरी ओळख शोधून काढतो आणि बाहेरच्या जगात तिची जबाबदारी घ्यायला पुढे येतो. तिची जिवाभावाची मैत्रीण सुबारू आत एका मोठ्या पथकाची प्रमुख असते, बाहेर व्हीलचेअरवर.

‘लॉग होरायझन’ (२०१३) काटेकोरपणे बघितलं तर हेल्मेटची गोष्ट नाही. इथले खेळाडू साध्या कॉम्प्युटरवर खेळत होते आणि एका दिवशी अख्खेच्या अख्खे खेळात जाऊन पडले. जपानी सर्व्हरवरचे सुमारे ३०,००० जण. बाहेर शरीर उरलं आहे की नाही, कुणालाच ठाऊक नाही. तरीही आतला संसार कसा उभा राहतो, हे याच्याइतकं तपशिलात कुणी दाखवलेलं नाही. ही मालिका एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या शैक्षणिक वाहिनीवर लागायची, आणि ते तिला शोभतंही.

इथे मेलात तर देवळात पुन्हा जागे होता, फक्त प्रत्येक मरणागणिक जुन्या आयुष्यातली थोडी आठवण जाते. जिवाची भीती नाही म्हटल्यावर माणसं सुखी व्हायला हवीत. होत नाहीत. रस्त्याच्या कडेला गुडघ्यात मान घालून बसलेली दिसतात, कारण करायचं काय तेच कळत नाही. त्यात अन्नाला चव नाही. मेनूतून मासे, भात, केक काहीही बनवा, दिसतं झकास आणि लागतं पाण्यात भिजलेल्या बिस्किटासारखं. सगळे दिवसामागून दिवस तेच गिळतात. मग न्यांता नावाचा एक मांजरतोंड्या तलवारबाज रानात शेकोटीवर हरणाचं मांस भाजून देतो, आणि खाणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. युक्ती एवढीच की त्याने मेनूचं बटण दाबलं नाही. ज्याच्या पात्राकडे आचाऱ्याचं कौशल्य आहे त्याने स्वतःच्या हाताने चिरलं, मीठ लावलं, भाजलं, तर चव येते.

यातून पुढे जे घडतं ते मी कितीही वेळा बघू शकते. नायक शिरोए हा डावपेच आखणारा, चारचौघांत अवघडणारा विद्यार्थी. शहरात एक गिल्ड नवख्या लहान मुलांना ‘सांभाळायला’ ठेवून घेते, त्यांना मोफत मिळणारी लेव्हल वाढवायची औषधं काढून घेते आणि मोठ्या गिल्डना विकते. पोलीस नाहीत, कायदा नाही. शिरोए तलवार काढत नाही. त्याची मित्रमंडळी चवीच्या बर्गरचं दुकान काढतात, रांगा लागतात. व्यापारी गिल्डना वाटतं यामागे काहीतरी मोठं गुपित आहे, आणि त्या पैसे गुंतवतात. पन्नास लाख मोहरा जमल्यावर शिरोए शहरातल्या सगळ्या गिल्डचं सामायिक मुख्य कार्यालयच विकत घेतो. बँक तिथेच आहे. आता कुणाला आत सोडायचं आणि कुणाला नाही, हे त्याच्या हातात. मग तो सगळ्या मोठ्या गिल्डना एका टेबलाभोवती बोलावून सांगतो की शहराला कायदा हवा. अकरा गिल्डचं मंडळ बनतं. ही सत्ता आपल्याकडे ठेवायचा मोह त्याला होत नाही असं नाही, पण तो ती वाटून टाकतो. ज्या शिक्षकांच्या नागरिकशास्त्राच्या तासाला मुलं जांभया देतात, त्यांनी हे भाग दाखवून बघावेत. पुढे लक्षात येतं की ज्यांना सगळे एनपीसी म्हणत होते ते दुकानदार आणि शेतकरीही विचार करतात, रागावतात, आणि ते मेले तर परत येत नाहीत. तिथून खेळाडूंना त्यांच्याशी बोलण्याची भाषा बदलावी लागते.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. ‘ओव्हरलॉर्ड’ (२०१५) राक्षसी सत्तेची गोष्ट आहे, पण सुरुवातीची काही मिनिटं बघाच: खेळ आज मध्यरात्री कायमचा बंद होणार, एके काळी गजबजलेल्या गिल्डमधले सगळे नोकरी-संसाराला लागून निघून गेले आहेत, आणि एकटा मोमोंगा सिंहासनावर बसून घड्याळाचे काटे मोजतो. ‘बोफुरी’ (२०२०) मध्ये कुणीच अडकत नाही. मेपल नावाच्या मुलीला लागलेलं आवडत नाही म्हणून ती सगळे गुण फक्त बचावात टाकते, आणि तिला आवरता आवरता खेळ चालवणाऱ्यांची तारांबळ उडते. ‘गन गेल ऑनलाइन’ (२०१८) मधली कारेन १८३ सेंटिमीटर उंच आहे आणि त्या उंचीने तिला आयुष्यभर अवघडल्यासारखं झालंय. एका खेळात तिला छोटुकलं, गोंडस पात्र मिळतं तोवर ती खेळ बदलत राहते. उंच मुलीला ‘तुला स्थळ कसं मिळणार’ ऐकवणाऱ्या घरांतल्या वाचकांना कारेन पटकन कळेल.

आणि युकी. ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’च्या दुसऱ्या सीझनचे शेवटचे भाग, नोव्हेंबर-डिसेंबर २०१४. पऱ्यांच्या खेळात एक मुलगी येते, हसरी, चपळ, कुणालाही तलवारबाजीत हरवणारी. असुना तिच्याशी मैत्री करते आणि एक दिवस ती अचानक नाहीशी होते. शोधत असुना हॉस्पिटलात पोचते. काचेपलीकडे निर्जंतुक खोलीत यंत्राने वेढलेला एक कृश देह आहे. जन्माच्या वेळी आईला चढवलेल्या दूषित रक्तातून तिला एचआयव्हीची लागण झाली होती. आई-वडील गेले, जुळी बहीणही गेली. तीन वर्षं ती त्या यंत्राला जोडलेली आहे.

ते यंत्र म्हणजे पहिल्या हेल्मेटचंच पुढचं रूप. मेंदू आणि शरीर यांच्यातली वाट तेही अडवतं. क्लाइनला ज्या अडवण्याने कैदेत टाकलं, त्याच अडवण्याने युकीच्या वेदना तिच्यापर्यंत पोचत नाहीत. अडवणं तेच, आणि पिंजऱ्याचं औषध झालं आहे. तिला एकदा शाळेत जायचं असतं. असुना खांद्यावर छोटा कॅमेरा बांधून तिला वर्गात नेते, युकी मोठ्याने धडा वाचते, वर्ग ऐकतो. शेवटच्या दिवशी पऱ्यांच्या जगात आकाश पंखांनी भरतं. हजाराहून जास्त खेळाडू तिला निरोप द्यायला उतरतात. ती पंधरा वर्षांची असते.

हे भाग जपानमध्ये लागत होते त्याच नोव्हेंबरात, नॉर्वेमध्ये मात्स स्टीन हा पंचवीस वर्षांचा तरुण वारला. त्याला डुशेन स्नायुक्षय होता, तो व्हीलचेअरवर असायचा आणि दिवसाचा मोठा भाग ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ खेळण्यात घालवायचा. आई-वडिलांना वाटायचं, आपला मुलगा एकटाच गेला, मैत्री काय ते त्याला मिळालीच नाही. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी टाकली आणि ईमेल यायला लागले. एकामागून एक, वेगवेगळ्या देशांतून. तिकडे तो इबेलिन नावाचा धिप्पाड शूर पुरुष होता. कुणाचं मुलाशी तुटलेलं बोलणं त्याने जुळवून दिलं होतं, कुणाला वाईट दिवसांत रात्री सोबत केली होती. अंत्यसंस्काराला गिल्डमधली काही माणसं दुसऱ्या देशांतून आली. ज्या मुलाला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, त्याच्या आई-वडिलांसमोर उभी राहिली आणि तो त्यांना कसा माहीत होता ते सांगू लागली.